किसुकी लाइनचे मॉडेल, नोंद तिसरी: साकानेचा चढ

मागच्या नोंदीत मी जपानमधल्या किसुकी या रेल्वेमार्गावरचा इझुमो-साकाने ते मिइनोहारा हा संपूर्ण घाट दिवाणखान्याच्या एका भिंतीवर बसवीन असे लिहिले होते. ते विधान मागे घेत आहे. या दोन स्थानकांमधले रुळाचे अंतर 6.4 किलोमीटर आहे आणि उंचीतला फरक 162 मीटर. 1:150 या प्रमाणात याचा अर्थ जवळपास 43 मीटर रूळ आणि 1 मीटर 8 सेंटीमीटर चढ असा होतो. चढ भिंतीवर मावेल, पण 43 मीटर रुळासाठी शेजाऱ्यांचा आणि त्यांच्याही शेजाऱ्यांचा दिवाणखाना लागेल. त्यामुळे आता फक्त इझुमो-साकाने स्थानक आणि त्याच्या वरचा दिशाबदलाचा दुसरा थांबा एवढेच करायचे, आणि तिथून पुढचा रूळ बोगद्यात शिरून दिसेनासा होईल, असे ठरवले आहे.

हे मॉडेल नव्याने पाहणाऱ्यांसाठी घाटाची रचना एकदा सांगतो. याकावा या आधीच्या स्थानकाकडून चढत आलेली गाडी इझुमो-साकानेच्या फलाटाला लागते आणि पुढे रस्ता नसल्यासारखी थांबते. चालक आपले सामान उचलून डब्यातून चालत दुसऱ्या टोकाला जातो, सांधा बदललेला असतो, आणि गाडी जिकडून आली त्याच बाजूला, पण आता वरच्या रुळावरून, चढू लागते. थोड्या वेळाने झाडीत, बर्फापासून सांध्यांचे रक्षण करणाऱ्या छपराखाली, ती पुन्हा थांबते. इथे फलाट नाही, पाटी नाही, कोणी उतरत नाही. चालक पुन्हा डब्यातून चालत मूळ टोकाला येतो आणि गाडी तिसरा टप्पा चढू लागते. आपल्या भोर घाटात 1863 पासून 1929 पर्यंत खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होते. तिथे दिशा एकदाच बदलायची, आणि त्यासाठी इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला नेऊन जोडावे लागे. साकानेला दिशा दोनदा बदलते, त्यामुळे वर पोहोचलेल्या गाडीचे तोंड पुन्हा होते तिकडेच असते. चढाच्या बाबतीतही साकाने भारी आहे. भोर घाटातला चढ 37 फुटांना 1 फूट, म्हणजे हजाराला सुमारे 27 होता. इथे तो हजाराला 30 आहे.

हा घाट मुळात योजनेतच नव्हता असे म्हणता येईल, कारण लाइनची सुरुवात डोंगर ओलांडण्यासाठी झालीच नव्हती. शिमाने प्रांतातल्या शिंजी सरोवराकाठच्या शिंजी स्थानकापासून किसुकीपर्यंतचा 21.1 किलोमीटरचा पहिला भाग हिनोकामी रेल्वे या खासगी कंपनीने 11 ऑक्टोबर 1916 रोजी सुरू केला. हिनोकामी म्हणजे हि नदीचा वरचा भाग. वाळूतले लोह आणि लोणारी कोळसा भट्टीत घालून लोखंड गाळण्याचा तातारा धंदा या खोऱ्यात पिढ्यानपिढ्या चालत आला होता, आणि त्या धंद्यात मोठ्या झालेल्या इतोहारा घराण्याचा या कंपनीत पुढाकार होता. परदेशी पद्धतीच्या पोलादापुढे तातारा टिकणार नाही हे तोवर दिसू लागले होते, पण डोंगरातले लाकूड आणि कोळसा बाहेर न्यायला रेल्वे हवीच होती. किसुकीच्या पुढचे काम सरकारने केले: डिसेंबर 1932 मध्ये इझुमो-मिनारीपर्यंत, नोव्हेंबर 1934 मध्ये याकावापर्यंत, आणि 12 डिसेंबर 1937 रोजी हिरोशिमा प्रांतातल्या बिंगो-ओचिआईपर्यंत. खासगी भाग दरम्यान 1934 च्या ऑगस्टमध्ये सरकारने विकत घेतला. एकूण लांबी 81.9 किलोमीटर, स्थानके 18, आणि त्यातला शेवटचा तुकडा सर्वांत उशिरा झाला याचे कारण नकाशावर बोट ठेवले की कळते. साकाने आणि मिइनोहारा यांच्यात सरळ रेषेत दीड किलोमीटरसुद्धा अंतर नाही, आणि तेवढ्यात 162 मीटर चढायचे आहे.

छायाचित्रे पाहणारे बहुतेक लोक थेट साकानेवर येतात, आणि मीही तसाच आलो. मात्र गेल्या दोन महिन्यांत चालकाच्या खिडकीतून घेतलेले चित्रीकरण शिंजीपासून सलग पाहिल्यावर माझे मत बदलले. कामोनाका, हाताया, इझुमो-दाइतो, मिनामी-दाइतो ही स्थानके भातखाचरांच्या कडेने येतात आणि विशेष काही न सांगता मागे पडतात, जरी कामोनाकाजवळच्या इवाकुरा इथे 1996 मध्ये शेतरस्ता खणताना एकाच जागी 39 प्राचीन कांस्य घंटा सापडल्या होत्या. किसुकीनंतर खोरे अरुंद होते. शिमो-कुनोच्या पुढे दोन किलोमीटरहून लांब बोगदा आहे आणि तो ओलांडला की हवा बदलल्यासारखी वाटते. कामेदाके स्थानकाच्या इमारतीत सोबा नूडल्सचे दुकान आहे. पीठ मळणारा माणूस आणि रेल्वेची वाट पाहणारा माणूस एकाच छपराखाली असणे ही मला या लाइनची खरी ओळख वाटते. इझुमो-योकोताची 1934 ची इमारत शिंतो देवळासारखी बांधलेली असून तिच्या दारावर तांदळाच्या पेंढ्याचा जाड पिळाचा दोर टांगलेला असतो. याच गावात सोरोबान, म्हणजे जपानी मणिपट्टी, बनवण्याची जुनी कारागिरी आहे. वर 727 मीटरवर मिइनोहारा, पश्चिम जपान रेल्वेचे सर्वांत उंच स्थानक. शेवटी बिंगो-ओचिआई, जिथे एकेकाळी इंजिनांची शेड आणि मोठा कर्मचारीवर्ग होता आणि आज इंजिन फिरवण्याचे चक्र गवतात पडून आहे.

आता माझ्या टेबलाकडे. जूनमध्ये 12 मिलिमीटरच्या प्लायवुडची चढाची पट्टी जिगसॉने कापली, तिच्यावर रूळ बसवले आणि पावसाळ्याच्या भरवशावर तशीच ठेवली. डोंबिवलीतल्या जुलैने ती पट्टी मध्यभागी चार मिलिमीटर वर उचलली. चूक माझीच, कारण कडांना वार्निश लावायचे मी विसरलो होतो. त्याहून मोठी चूक अशी की सपाट भागावरून चढावर जाताना मी वळण दिलेच नव्हते. एक मीटरला तीन सेंटीमीटर हा चढ कागदावर किरकोळ दिसतो, पण सांध्याच्या जागी तो एकदम सुरू झाला तर डब्याची पुढची चाके हवेत राहतात आणि गाडी सांध्यावरच घसरते. पट्टी काढली, कडांना तीन हात वार्निश दिले आणि चढाच्या तळाशी 20 सेंटीमीटरचा हळूहळू उचलत जाणारा भाग घातला. आता गाडी तिन्ही टप्पे न अडखळता चढते. दोन रुळांमधल्या अंतराची तडजोड मात्र जाणार नाही: 1067 मिलिमीटरचे खरे अंतर (गेज) या प्रमाणात 7.1 मिलिमीटर व्हायला हवे, आणि आपण सगळे 9 मिलिमीटरवर गाड्या पळवतो. साकानेच्या अरुंद कडेवर ते डोळ्यांना खुपते.

काळ कोणता दाखवायचा यावर बराच वेळ गेला. सी 56 या वाफेच्या इंजिनाचा मोह मोठा होता. त्याच्या टेंडरच्या (मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या) दोन्ही बाजू उलटे चालताना मागचे दिसावे म्हणून तिरक्या कापलेल्या असतात आणि या घाटाला तो आकार शोभतो. पण वाफेची इंजिने इथे 1974 मध्ये संपली, आणि 1998 पासून चाललेली उघड्या डब्यांची ‘ओकुइझुमो ओरोची’ गाडीही 23 नोव्हेंबर 2023 रोजी शेवटची धावली. मी आजचाच काळ घेतला: कीहा 120 जातीचा एकच डिझेल डबा, 2010 मध्ये नव्याने बांधलेले लाकडी स्थानक, आणि रिकामा फलाट. इझुमो-योकोताच्या पुढच्या 29.6 किलोमीटरवर 2019 मध्ये दररोजची सरासरी प्रवासी घनता, म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागचे रोजचे प्रवासी, 37 होती, आणि त्या भागाच्या भवितव्याबद्दल बोलणी करायची आहेत असे रेल्वे कंपनीने मे 2024 मध्ये जाहीर केले. फलाटावर माणसांच्या किती बाहुल्या ठेवायच्या हा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटला. एक चालक, एक छायाचित्रकार. एकच डबा असल्याचा फायदा असा की मॉडेलमध्ये तो जेमतेम 11 सेंटीमीटरचा होतो आणि दुसऱ्या थांब्याचा रूळ आखूड ठेवता आला.

या आठवड्यात त्या थांब्यावरचे छप्पर जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून कापले आहे. पन्हाळी पत्रा म्हणून पत्रिकेची कोरुगेटेड कड अगदी चपखल बसली. स्थानकाजवळच्या ‘एन्मेइसुइ’ झऱ्याचे काम अपुरे आहे. हे पाणी पिऊन शंभरी गाठलेल्या एका तानुकीची (रकूनसारख्या दिसणाऱ्या जपानी रानकुत्र्याची) तिथे दंतकथा सांगतात. पाण्यासाठी पारदर्शक राळ ओतली, तर ती हवेतल्या दमटपणामुळे दुधाळ झाली. ती खरवडून काढली आहे आणि आता ऑक्टोबरचे ऊन पडेपर्यंत थांबतो आहे.