स्टॉक (कंपनीतून आलेले) शॉकअप बदलायचे का? वरंधा-आंबेनळी फिरून आल्यावर

रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० दारात आली की पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधीच कुणीतरी सांगतं, "मागचे शॉकअप काढ, गॅसवाले टाक." पैसे घालण्यापूर्वी गाडी भोरवरून वरंधा घाटाने महाड, पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वर आणि पाचगणी-वाई करत परत पुणे अशी फिरवून आणली. मागे बायको आणि दोन्ही बाजूंना बॅगा.

अर्धी परीक्षा घरीच होते. टायर गार असताना मॅन्युअलमध्ये लिहिलेली हवा भरा. पंपावरचा पोरगा न विचारता जास्तच भरतो आणि मग सगळे दणके शॉकअपच्या नावावर जातात. नंतर गाडी डबल स्टँडवर घ्या, मागचं चाक लोंबकळू द्या आणि आसापासून वर सीटखालच्या एखाद्या नटापर्यंत टेप लावा. मग स्टँड काढून, रोजचे कपडे, बूट, डब्याची बॅग अशा थाटात बसा आणि दुसऱ्याकडून तेच माप घ्या. दोन मापांतला फरक म्हणजे गाडी किती बसली ते. शॉकअपच्या एकूण चालीच्या, म्हणजे तो पूर्ण दबेपर्यंतच्या अंतराच्या, तिसऱ्या हिश्शाच्या आसपास गाडी बसली तर ठीक. त्याहून बरीच खाली गेली तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवा.

या गाडीला मागे प्रीलोडच्या ६ पायऱ्या आहेत. प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते, असं सर्रास समजतात. स्प्रिंग तीच राहते, वजन पडल्यावर गाडी किती बसते तेवढंच बदलतं. डबलसीट आणि सामानासाठी वाढवलेला प्रीलोड सोमवारी ऑफिसला एकटं जाताना तसाच राहिला, तर प्रत्येक स्पीडब्रेकर कमरेला कळतो. प्रीलोड फिरवायचा पाना सीटखाली ठेवा आणि दोन्ही बाजू एकाच पायरीवर आणा.

भोरपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. नीरा देवघर धरणाचं पाणी मागे पडलं आणि वरंध्यात उखडलेले पट्टे लागले, तिथे खरी गंमत. वीस-पंचवीसच्या वेगात धारदार कडांचे खड्डे, म्हणजे पावसानंतरचं आपलं पुणंच! पुढचा १३० मिमी चालीचा फोर्क (पुढच्या चाकाचे शॉकअप) शांतपणे खड्डे गिळत होता. मागून दणका यायचा, पण गाडी एकदा वर येऊन लगेच स्थिर व्हायची. बघायचं ते हेच. दोन-तीनदा डोलली तर डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरण्याची शॉकअपची ताकद, संपलंय, आणि त्याला प्रीलोडचा उपयोग नाही.

आंबेनळीच्या वळणांत गाडी नीट झुकली, ब्रेकवर नाक थोडं खाली गेलं. घाट मजेचा, पण रोजच्या वापराबद्दल तो फार काही सांगत नाही. तेवढ्यासाठी कात्रजपर्यंतचे रंबलर पुरेत.

माझ्यापुरता निकाल: रोज एकटा, अधूनमधून डबलसीट, तर स्टॉकच राहू द्या. दोघं भारी वजनाचे आणि रोज बरोबर जाणार असाल, शेवटच्या पायरीवरही शॉकअप तळाला आपटत असेल, तर मात्र बदला. ज्यांच्या फोर्कची चकचकीत नळी उघडी आहे त्यांनी तिला सैलसर झिप टाय बांधावा. दिवसाअखेर तो किती वर सरकला त्यावरून चाल किती वापरली ते दिसतं.

टाकी भोरलाच भरा. वरंधा पावसाळ्यात दरडींमुळे बऱ्याचदा बंद असतो. प्रशासनाचा आदेश बघूनच कापूरहोळला वळा, नाहीतर ताम्हिणीने माणगाव गाठून महाडला जा.