काडी-काडीचा हिशोब

नोव्हेंबरात भात झोडून झालं की खळ्याच्या कडेला पेंढ्याची उडवी रचली जायची. तिच्यातली एक जुडी आजी आधीच काढून माळ्यावर ठेवायची. ही गाईची नव्हे आणि छपरासाठीही नव्हे. तिला कुणी हात लावलेला आजीला चालायचा नाही. ती जुडी बाळ येशूची.

आमचं गाव वसईच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाचं. केळीच्या वाड्या, पानवेलींचे मळे, दारापुढे अबोली आणि घरामागे बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं. तिथे नाताळ सुरू होतो तो नोव्हेंबरच्या अखेरीला किंवा डिसेंबर लागता लागता, आगमनकाळाच्या म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतल्या पहिल्या रविवारी. त्या दिवशी आजी देवाच्या फोटोखाली एक रिकामी गव्हाणी मांडायची. गव्हाणी कसली, साबणाच्या खोक्याच्या फळ्या ठोकून आजोबांनी केलेली पेटीच ती. शेजारी ती माळ्यावरची जुडी. नियम एकच. दिवसभरात ज्याने एखादं चांगलं काम केलं असेल, त्याने संध्याकाळी जपमाळ झाल्यावर गव्हाणीत एक काडी टाकायची. चोवीस डिसेंबरच्या रात्रीपर्यंत गादी मऊ झाली पाहिजे, नाहीतर बाळाला फळ्या टोचतील.

ही पद्धत काही एकट्या आमच्या घरची नाही, अनेक ख्रिस्ती घरांत ती आहे. पण त्यातली अर्धी काडी मात्र आजीची स्वतःची. विहिरीवरून कळशी आणली, पण तोंड वाकडं करून आणली, तर ती काडी मधोमध मोडायची आणि अर्धी हातात द्यायची. पुरावा कधी मागितला नाही. तोंडाकडे बघायची, बस. माझ्या धाकट्या भावाने एकदा मूठभर पेंढा एकदम टाकला. आजी म्हणाली, "अरे, सगळं पुण्य आजच संपवलंस तर उद्या काय करशील?" त्याने बिचाऱ्याने पेंढा परत काढला आणि मोजून तीन काड्या ठेवल्या. त्यातली एक अर्धी होती. तीही त्याची त्यानेच मोडली.

मुंबईच्या मॉलमध्ये नाताळाला कापसाचं बर्फ आणि लाल टोपीवाला म्हातारा असतो. आमच्याकडे डिसेंबरची थंडी म्हणजे पहाटे गोधडीतून पाय बाहेर काढवत नाही, एवढीच. झाड म्हणजे किनाऱ्यावरच्या सुरूची फांदी. आगमनकाळाचं चक्रसुद्धा सुरूच्याच डहाळ्यांचं, त्यात चार मेणबत्त्या. तीन जांभळ्या, एक गुलाबी. दर रविवारी एक जास्त पेटवायची. तिसऱ्या रविवारी गुलाबी पेटते, कारण तो आनंदाचा रविवार. हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी वाटायचं, दुकानात जांभळ्या संपल्या असतील.

चर्चला आजी देऊळच म्हणायची. शहरातून आलेली आमची एक मावशी दरवेळी दुरुस्त करायची, "आई, चर्च म्हण." आजी मान हलवायची आणि पुढच्या वाक्यात परत देऊळ. मला तर आजीचंच बरोबर वाटतं. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकली आणि इकडच्या चर्चमधल्या घंटा घाटावर गेल्या. भीमाशंकरला त्यातली एक अजून टांगलेली आहे, तिच्यावर १७२९ हे साल आहे. ती घंटा एका देवळातून दुसऱ्या देवळात गेली, तिने काही तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

आजीच्या तरुणपणी मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, लॅटिनमध्ये व्हायची. फादर वेदीकडे तोंड करून म्हणायचे आणि मागे बायका आपापली जपमाळ ओढत बसायच्या. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, तिच्यानंतर लोकांच्या भाषेत उपासना सुरू झाली आणि आमच्या वेदीवर मराठी आली. आजीला विचारलं, काय फरक पडला? ती म्हणाली, "आधी देवाला कळायचं, मला नाही. आता दोघांनाही कळतं."

गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, करायचं काम मुलांचं. त्याची तयारी बारा-पंधरा दिवस आधी. पसरट थाळीत माती घालून नाचणी आणि मोहरी पेरायची, वर रोज पाणी शिंपडायचं. नाताळापर्यंत बोटभर हिरवं रान उभं राहतं. गोणपाट चिखलात बुडवून, आत विटा घालून डोंगर. आमच्या बेथलेहेमात बावखल असायचंच. आईचा जुना आरसा, त्याच्या कडेला शेवाळ. शिवाय एक रहाट, जो आजोबांनी काड्यापेटीच्या काड्यांचा केला होता आणि जो खरोखर फिरायचा. मेंढपाळांच्या शेजारी डोक्यावर केळीचा घड घेतलेला मातीचा माणूसही असे. बाळाच्या भेटीला निघालेले तीन राजे दूर खिडकीच्या चौकटीवर ठेवायचे आणि रोज वीतभर पुढे सरकवायचे, कारण त्यांना पोचायचं असतं सहा जानेवारीला. कुणीतरी घाईघाईने त्यांना आठवडाभर आधीच गोठ्यात आणून उभं करी आणि मग त्यांना परत खिडकीत पाठवावं लागे.

या सगळ्याचं मूळ इटलीत. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो नावाच्या डोंगरातल्या गावी नाताळच्या रात्री खरी गव्हाणी मांडली. गवत आणलं, बैल आणि गाढव उभं केलं आणि खेड्यातल्या साध्या माणसांना सांगितलं की बघा, तो असा गरिबीत जन्माला आला. त्याच्या सर्वांत जुन्या चरित्रात एक गोष्ट आहे. त्या गव्हाणीतलं गवत लोकांनी जपून ठेवलं आणि आजारी जनावरांना घातलं, ती बरी झाली. हे वाचून मी दचकलेच. कारण तीन राजांच्या सणाला गोठा उतरवला की गव्हाणीतला सगळा पेंढा, अर्ध्या काड्यांसकट, आजी गाईपुढे टाकायची. इटलीतलं हे तिच्यापर्यंत कसं पोचलं असेल? की कुठल्याही शेतकरणीला पेंढ्याचं हेच सुचेल? मी विचारायला हवं होतं. आता विचारायला ती नाही.

आणि मग कुलकुल. कुलकुलांची रात्र हा आमच्या घरातला सर्वांत गोंगाटाचा कार्यक्रम. रवा, मैदा, नारळाचं दाट दूध, अंडं, साखर घालून आईने मळलेला भलामोठा गोळा मधोमध. भोवती चटईवर घरचे आणि शेजारचे मिळून दहा-बाराजण. प्रत्येकाच्या हातात एक नवा कोरा कंगवा. हो, कंगवाच. कुणी काट्याचमच्याच्या पाठीवर वळतात, पण आमच्याकडे कंगवा. तो वर्षभर कपाटात जुन्या रुमालात गुंडाळलेला असतो आणि त्याने कुणी केस विंचरायचे नाहीत. सुपारीएवढी गोळी कंगव्याच्या दातांवर अंगठ्याने दाबून पसरायची आणि कडेने गुंडाळत आणायची. शंखासारखी रेघारेघांची वळकटी तयार. काकांच्या कुलकुली लठ्ठ, माझ्या उसवलेल्या, आजीच्या एकसारख्या. तळल्यावरही कुणाची कुठली ते ओळखू यायचं आणि त्यावरून आठवडाभर चेष्टा चालायची.

केक चुलीवर व्हायचा. पितळी टोपात वाळू, वाळूवर डबा, झाकणावर निखारे. आजी त्यात मनुकांऐवजी सुकेळी बारीक चिरून घालायची. राजेळी केळी उन्हात वाळवली की मधासारखी चिकट, तपकिरी होतात. दुकानातल्या मनुकेने तिची बरोबरी करून दाखवावी. मी एकदा नाताळला मुंबईच्या घरात ओव्हनमध्ये हाच केक केला. फुगला छान, दिसला छान. पण वरच्या निखाऱ्यांनी जो कडेचा भाग करपायचा, तो नाही मिळाला आणि आम्हा भावंडांची भांडणं होती ती त्या करपलेल्या कडेसाठी.

ताटं भरायची, वर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल, आणि मुलांच्या हाती वाडीभर वाटायला पाठवायची. शेजारचं एक घर हिंदू. दिवाळीला त्यांच्याकडून आलेलं ताट आम्ही नाताळाला भरून परत करायचो आणि आमचं ताट संक्रांतीला तिळगुळासह यायचं. रिकामं ताट परत पाठवायचं नाही, हे दोन्हीकडे सारखंच. त्यामुळे आमच्या घरातली निम्मी ताटं कुणाची आहेत हे आता कुणालाच सांगता येत नाही.

ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल, त्या घरी गोडाधोडाची कढई चढत नाही. आजी गेली त्या वर्षी आमच्याकडे काहीच केलं नाही. कंगवे रुमालातच राहिले. तेवीस तारखेच्या दुपारपासून ताटं यायला लागली. कुणाकडून नेवऱ्या, कुणाकडून दोदोल, शेजारच्या काकूंनी तर चक्क शंकरपाळे आणि चिवडा दिवाळीसारखा पुन्हा केला होता. रात्री मोजलं, तेरा ताटं. एवढं आमच्या घरात कधीच नव्हतं. आई एकेक रुमाल उचलून बघत होती आणि म्हणत होती, "ही कुलकुल तिच्यासारखीच वळलेली आहे गं, कुणी केली असेल?"

नाताळच्या रात्रीची मिस्सा आता शाळेच्या मैदानात असते आणि मध्यरात्रीची वाट न बघता आधीच सुरू होते. रात्री दहानंतर भोंग्याचं बंधन आहे. काही जुन्या मंडळींना हे रुचलेलं नाही. मला विचाराल तर म्हातारी माणसं दवात कमी बसतात, हे बरंच झालं. तरी चार रविवार न म्हटलेलं गौरवगीत एकदम सुरू होतं, घंटा वाजतात, तेव्हा घड्याळात किती वाजलेत हे कोण बघतं? आगमनकाळातल्या रविवारी ते गीत म्हणत नाहीत. आजीच्या शब्दांत, भूक लागल्याशिवाय जेवण गोड लागत नाही. घरी आल्यावर घरातलं सर्वांत लहान मूल बाळ येशूला गव्हाणीत ठेवतं. त्याआधी आजी तळहाताने पेंढा दाबून बघायची. बाळंतिणीची खाट बघतात तसा.

भावाने चार वर्षांपूर्वी भात लावणं सोडलं. मजूर मिळत नाहीत आणि आमच्या शेताच्या दोन बाजूंना इमारती उभ्या राहिल्यावर पावसाचं पाणी निचरत नाही. त्यामुळे जुडी संपली. ऑनलाइन सजावटीचं गवत मिळतं, पिवळंधमक, प्लास्टिकच्या पिशवीत. भावाची मुलगी आठ वर्षांची. तिने ते नाकाला लावलं आणि म्हणाली, "आत्या, याला वासच नाही." मग आम्ही दोघी स्कूटरवरून हायवेपलीकडच्या एका तबेल्यात गेलो. मालक दूध मोजत होते.

"किती पेंढ्या हव्यात, ताई?"

"एकच जुडी."

त्यांनी माप खाली ठेवलं. एका जुडीसाठी एवढ्या लांब? मी गव्हाणीचं सगळं सांगितलं, अर्ध्या काडीसकट. ते हसले. पैसे घेतले नाहीत. जुडी सुतळीने बांधून स्कूटरला अडकवली आणि मुलीला विचारलं, "मग माझी काडी कोण टाकणार?"

त्या संध्याकाळी जपमाळ झाल्यावर तिने त्यांच्या नावाची काडी काढली. मोडायची का, म्हणून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तूच तर होतीस तिथे, त्यांचं तोंड कसं होतं? तिने जरा आठवून बघितलं आणि जुडीतली सर्वांत लांब काडी शोधायला लागली.