नऊ एकांची डेम्लो: वहीतली चौथी नोंद

मंडळी, या खेपेला थेट १२३४५६७८९८७६५४३२१. म्हणजे १११११११११ चा वर्ग. देवळालीचे गणितज्ञ दत्तात्रेय कापरेकर यांनी असल्या संख्यांना डेम्लो म्हटलं, कारण जीआयपी (आजच्या मध्य) रेल्वेच्या त्या नावाच्या स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली. डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली म्हणतात. सकाळी साडेआठला त्या फलाटावर कुणी वही उघडून दाखवावी!

ठरवलं, ही संख्या कापरेकरांच्याच बाकीच्या चाळण्यांतून काढायची.

हर्षद, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी, आहे का? अंकांची बेरीज ८१. १११११११११ भागिले ९ म्हणजे १२३४५६७९, तेव्हा ८१ ने भागल्यावर त्याचाच वर्ग मिळतो: १५२४१५७८९९७१०४१. हर्षद पक्की. स्प्रेडशीटमध्ये पडताळायला गेलो तर तिने शेवटचे २१ गिळून ०० ठेवले. पंधरा अंकांपुढे तिचा भरवसा नाही, म्हणून पुन्हा वही.

देवळाली, म्हणजे स्वयंभू आहे का? कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी येत नाही, म्हणजे जिला जनक नाही, ती स्वयंभू. नाही. १२३४५६७८९८७६५४२४० मध्ये त्याच्याच अंकांची बेरीज ८१ मिळवा, आपली संख्या हजर. जनकाच्या अंकांची बेरीज नऊच्या पटीतच हवी, त्या सतराही बेरजा तपासल्या. जनक हा एकच.

मग १११११११११ ही कापरेकर संख्या आहे का, म्हणजे तिच्या वर्गाचे दोन तुकडे करून मिळवले की तीच परत येते का? वर्गाचे तुकडे १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१, बेरीज ९९९९९९९९९. नापास, पण काय थाटात! १११११११११ ला ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ९९९९९९९९९ ने जातो. तुकड्यांच्या बेरजेलाही मग जायलाच हवा.

खरा वेळ खाल्ला अवयवांनी. १११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७. हा शेवटचा मूळ आहे का? ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागत सुटलो आणि एक रविवार घालवला. चहा घेताना डोक्यात प्रकाश पडला: याचा मूळ अवयव प हा १०⁹ − १ ला भागणार, म्हणजे १/प चं आवर्तन १, ३ किंवा ९ अंकांचं. १ आणि ३ मध्ये फक्त ३ आणि ३७ येतात. ३ ने भाग जात नाही (अंकांची बेरीज २८), ३७ ने भागलं की बाकी १. मग उरलं ९. आवर्तनाची लांबी प − १ ला भागते आणि प − १ सम, म्हणजे प − १ ला १८ ने भाग जायलाच हवा. १९, ३७, ७३, १०९, १२७... सगळ्या मिळून १७! पंधरा मिनिटांत उरकलं. १६३ ला बाकी ६, शेवटच्या ५७७ ला १६१. ३३३६६७ मूळच. आणि ९ अंकी आवर्तन असलेली ही एकमेव मूळ संख्या: १/३३३६६७ = ०.०००००२९९७ ०००००२९९७...

आपल्या डेम्लोचे, म्हणजे वर्गाचे, एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

पुढे दहा एकांचा वर्ग. तिथे हातचा येऊन अंकांचा चढता-उतरता डोंगर मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. बेरीज ८२, संख्या विषम, म्हणजे हर्षद तर नाहीच. जनक कुणी आधी शोधला तर सांगू नका, मला शोधू द्या.