सहा वेगळे ठिपके

आतड्यातील जीवाणूंवर काम करणाऱ्या पुण्यातील एका प्रयोगशाळेत मी काही वर्षे संशोधन सहायक होतो. त्या काळातला एक मंगळवार मला अजूनही तासातासाने आठवतो.

आंबेगाव तालुक्यातील गावांमधून आमच्याकडे मलाचे ४८ नमुने आले होते. आतड्यातील बहुतेक जीवाणूंना ऑक्सिजन सोसत नाही, त्यामुळे ते ताटलीत वाढवणे जिकिरीचे असते. म्हणून आम्ही नमुन्यातील डीएनए वेगळा करत असू आणि प्रत्येक जीवाणूत असणाऱ्या १६एस या जनुकाचा सुमारे ४६० अक्षरांचा तुकडा पीसीआरने (डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तंत्राने) वाढवून तो यंत्राकडून वाचून घेत असू. सुमारे १५०० अक्षरांच्या या जनुकाचे काही भाग सर्व जीवाणूंमध्ये जवळपास सारखे असतात, तर काही भाग जातीनुसार बदलतात, आणि बदलणाऱ्या भागांवरूनच जीवाणूची ओळख पटते. १९७७ मध्ये कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी आर्किया हा सजीवांचा स्वतंत्र गट असल्याचे दाखवून दिले, तेही या जनुकापासून बनणाऱ्या आरएनएची तुलना करूनच.

यंत्राचे काम दोन दिवसांहून अधिक काळ चालले आणि मंगळवारी सकाळी आलेख पडद्यावर आला. त्यात प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका, आणि ज्यांचे जीवाणू एकमेकांशी मिळतेजुळते त्यांचे ठिपके जवळजवळ. ४२ ठिपक्यांचा एक दाट पुंजका होता आणि त्यात अपेक्षेप्रमाणे प्रिव्होटेला हा जीवाणू भरपूर होता, कारण धान्य-कडधान्यांवर राहणाऱ्या लोकांत तो बहुधा असतोच. उरलेले सहा ठिपके मात्र पार कोपऱ्यात होते. ते सहाही एकाच गावातले होते आणि त्यांच्यात एशेरिकिया हा जीवाणू निम्म्याहून अधिक होता.

खोलीत एकदम उत्साह संचारला. गावच्या विहिरीचे पाणी, जुलाबाची साथ, प्रतिजैविकांचा मारा असे एकेक तर्क निघू लागले आणि एका सहकाऱ्याने तर शोधनिबंधाचे शीर्षकही सुचवले. आमच्या प्रमुख मॅडम मात्र आलेखाकडे बघत गप्प होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "हे नमुने फ्रीझरमध्ये किती वाजता गेले?"

मी नोंदवही काढली. सहाही नमुन्यांसमोर माझ्याच अक्षरात नमुना घेतल्याची आणि तो पोहोचल्याची तारीख होती. दोन्हींमध्ये एका दिवसाचे अंतर होते. वेळेचा रकानाच नव्हता. वही मीच आखली होती.

मी गावातल्या आशाताईंना फोन लावला. ताईंना सगळे लख्ख आठवत होते. "दादा, तुमची जीप त्या दिवशी आलीच नव्हती ना? बंद पडली म्हणाला होतात. डबा रात्रभर आमच्या ओट्यावरच होता. सकाळी बर्फाचं पार पाणी झालेलं, ते मीच ओतून टाकलं." त्या दिवशी ताईंना मीच कळवले होते, "राहू दे, उद्या नेतो." महिना मे होता.

मग उलगडा सोपा होता. एशेरिकिया ऑक्सिजन असो वा नसो, दोन्हींत जगतो आणि उबदार हवेत झपाट्याने वाढतो. ऑक्सिजन न सोसणारे जीवाणू त्या डबीत वाढू शकत नाहीत, पण ते मेले तरी त्यांचा डीएनए काही काळ टिकतो आणि यंत्र तोही वाचते. शिवाय आमच्या पद्धतीने प्रत्यक्ष संख्या कळत नाही, फक्त टक्के कळतात. एकाचा वाटा वाढला की बाकीच्यांचा आपोआप घटलेला दिसतो. त्यातही एशेरिकियाच्या एका पेशीत १६एस जनुकाच्या सात प्रती असतात, त्यामुळे तो आहे त्याहून मोठाच भासतो.

मॅडमना मात्र नुसता उलगडा पुरेसा नव्हता, पुरावा हवा होता. दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने स्वतःचा नमुना दिला (कोणी, हे प्रयोगशाळेतले सगळे जण जाणतात) आणि मी त्याचे तीन भाग केले. एक लगेच उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवला; उरलेले दोन झाकणालाच चमचा असलेल्या नेहमीच्या प्लास्टिकच्या डब्यांत भरून टेबलावर ठेवले, एक ६ तास आणि दुसरा १८ तास. मग टक्केवारीवर न विसंबता क्यूपीसीआर या प्रती मोजणाऱ्या तंत्राने दर ग्रॅममागे जनुकाच्या प्रती मोजल्या. प्रिव्होटेलाच्या प्रती तिन्ही भागांत जवळपास तेवढ्याच होत्या. एशेरिकियाच्या प्रती ६ तासांच्या भागात जेमतेम वाढल्या होत्या, १८ तासांच्या भागात मात्र कित्येक पट. विहिरीच्या पाण्याचा यात काहीच संबंध नव्हता.

सहाही नमुने बाद करावे लागले. नव्या फेरीसाठी आम्ही डीएनए टिकवणारे द्रावण आधीच भरलेल्या डब्या नेल्या आणि वहीत तास-मिनिटांचे दोन रकाने आखले. त्या द्रावणात जीवाणू मरतात, त्यामुळे पुढे त्यांना वाढवून बघण्याची वाट बंद होते. ती किंमत आम्ही पत्करली.

मी स्वतः त्या गावात गेलो. ताईंनी पहिला प्रश्न केला, "त्या सहा जणांना काही आजार तर नाही ना?" नाही म्हणून सांगितले, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. पाच जणांनी कुरकुर न करता पुन्हा नमुना दिला. सहावे आजोबा डबीकडे बघून म्हणाले, "एकदा दिलं होतं ना? ते सांभाळता आलं नाही, आता परत कशाला मागता?" आमच्या अभ्यासात ४७ नमुने आहेत.