फ्रेडी ग्रीनचा ठेका : सहावा आठवडा

फ्रेडी ग्रीनसारखा ठेका शिकायला घेतल्यापासून सहा आठवड्यांत एकही सोलो, म्हणजे एकट्याची सुरावट, वाजवला नाही, आणि गिटार खाली ठेववत नाही.

जॅझ गिटारवादक फ्रेडी ग्रीन १९३७ साली पियानोवादक काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात आला तो १९८७ साली वारेपर्यंत तिथेच राहिला. अ‍ॅम्प्लिफायर नाही, सोलो जवळपास नाहीच. दर मात्रेला एक स्ट्रोक, बस्स. आवाज निघावा म्हणून जाड तारा, त्याही पट्टीपासून चांगल्या उंच. ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गर्दीत त्याची गिटार वेगळी शोधायला गेलात तर सापडत नाही. बास आणि ड्रमच्या अंगात ती मुरलेली असते. मला तेच फार आवडतं.

पहिले तीन आठवडे मी उजव्या हातावर घालवले. चूक झाली. स्ट्रोक तुटक होतो तो डाव्या हाताने. स्ट्रोक पडला की बोटं तारेवरच ठेवायची, दाब तेवढा सोडायचा. नाद मिटतो, पण अर्ध्यात कापल्यासारखा वाटत नाही. हे ऐकायला शांतता लागते. आमच्या साखर पेठेत दिवसभर मागांची खटखट, त्यामुळे रियाज रात्री, पंखा बंद करून. सोलापूरच्या एप्रिलात. घामाने तार छेडायचा पिक निसटतो, पण दोन स्ट्रोकमधली जागा स्वच्छ कळते.

कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांत, तारा तीनच, सहावी (सगळ्यात जाड), चौथी, तिसरी. जी सेव्हन या कॉर्डसाठी अनुक्रमे तिसरा, तिसरा, चौथा फ्रेट (गिटारच्या गळ्यावरच्या आडव्या धातूपट्ट्यांचा घर). सहावीवरचं बोट किंचित कललं की पाचवी त्याला टेकून मुकी राहते. आता सहावीवरचं बोट हलवू नका, बाकीची दोन एकेक फ्रेट मागे घ्या : सी सेव्हन! हाच आकार दोन फ्रेट पुढे नेला की डी सेव्हन. अख्खा बारा बारचा (चार-चार मात्रांच्या बारा खंडांचा) ब्लूज एवढ्याशा जागेत बसतो. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी तासभर तेच वाजवत होते.

शेजारचे काका तबला वाजवतात. परवा दारात उभं राहून ऐकलं आणि म्हणाले, "ठेका बरा धरलायस गं, पण तिसऱ्या मात्रेला घाई करतेस." खरं होतं. म्हणून मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ५६ वर लावला आणि त्याचा ठोका फक्त दुसऱ्या-चौथ्या मात्रेला धरला, म्हणजे लय ११२. पहिली आणि तिसरी आपली आपण सांभाळायची.

काल सलग दोन आवर्तनं सरळ गेली. तिसऱ्यात डी सेव्हनकडे जाताना बोटं तारेवरून उचलली गेली. या आठवड्यात तेवढंच घोटणार आहे.