ठाण्याहून लोणार, आणि रात्री उल्का

१३-१४ डिसेंबर २०२५ ला शनिवार-रविवार आला म्हणून मी, बायको आणि नववीतली भाची असे ठाण्याहून लोणारला जाऊन आलो. पहाटे साडेचारला माजिवड्याहून निघालो, आमण्याला समृद्धी महामार्ग पकडला, मेहकरला उतरलो, तिथून लोणार जवळच. एकूण साडेचारशे किमीच्या वर होतं, रस्ता सरळसोट त्यामुळे डोळा लागतो, गाडी चालवणारे दोघं असलेले बरे आणि टायर आदल्या दिवशीच चेक करा. गाडी नसेल तर देवगिरी एक्स्प्रेसने जालना आणि पुढे एसटी.

संध्याकाळी उल्का आदळून झालेल्या विवराच्या काठावर गेलो आणि तिघंही गप्पच झालो. १.८ किमी रुंद गोल खड्डा, दीडशे मीटरच्या आसपास खोल, तळाशी हिरवट पाणी. भाची म्हणाली, मामा, एवढा मोठा दगड पडला? नाही गं, दगड शंभर मीटरच्या आतबाहेरचा असेल, पण सेकंदाला दहा-वीस किमी वेगाने आलेला, त्यामुळे आदळल्यावर तो आणि खालचा खडक वितळून, वाफ होऊन स्फोटासारखा चारी बाजूंना उडाला, म्हणून तिरका आला तरी खड्डा गोलच होतो. काठावरचे बेसाल्टचे, म्हणजे लाव्हाच्या काळ्या खडकाचे थर नीट बघा, आडवे असायला हवेत ते बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, मला पूर्ण ट्रिपमध्ये सगळ्यात भारी हेच वाटलं.

मग लहान दगड जमिनीपर्यंत का पोचत नाहीत? पुढची हवा बाजूला सरकायला वेळच मिळत नाही, ती दाबली जाते, मागे मात्र जवळपास पोकळी, आणि जसजसं खाली यावं तसा पुढच्या-मागच्या दाबातला हा फरक वाढत जातो. दगडात आधीच भेगा असतात, तिथून तो फुटतो, तुकडे झाले की हवेला अंगावर घ्यायला जास्त जागा, वेग झपाट्याने कमी आणि सगळी ऊर्जा हवेतच मोकळी होते. रशियात चेल्याबिन्स्कला १५ फेब्रुवारी २०१३ ला साधारण २० मीटरचा दगड असाच ३० किमी उंचीवर फुटला, खाली मोठं विवर नाही पण दीडेक हजार माणसं जखमी, बहुतेक काचांनी. उजेड आधी दिसला, हवेचा धक्का दोनेक मिनिटांनी आला, तोवर लोक काय झालं बघायला खिडकीशी गेलेले. म्हणून आकाशात तसा लखलखाट दिसला तर खिडकीपासून लांब व्हा, हे पोरांना सांगूनच ठेवा.

विवराचं वय आधी ५०-५२ हजार वर्षं सांगायचे, नंतर खडकातला आर्गॉन वायू मोजायच्या पद्धतीने ५ लाख ७० हजारांच्या आसपास आलंय, त्यामुळे दोन्ही आकडे कानावर येतील.

खाली उतरायचं असेल तर परवानगीचं तिथेच विचारा. चहावाले काका म्हणाले तसं, "सकाळीच उतरा, ऊन चढलं की वर यायला लय जड जाते." बूट, टोपी, माणशी दोन लिटर पाणी. तळ्याचं पाणी खारट आणि साबणासारखं अल्कधर्मी, वासही येतो. दगड उचलून आणू नका, अभयारण्य आहे. गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नका.

आणि शक्य असेल तर याच तारखांना जा, जेमिनिड उल्कावर्षाव असतो. रात्री दहानंतर लॉजच्या गच्चीवर सतरंजी टाकून झोपलो, तासाभरात भाचीने तेवीस मोजल्या. खड्याएवढे कण, जमिनीपासून ऐंशी-शंभर किमी वरच जळून जाणारे. ठाण्यात आमच्या गच्चीवरून दिव्यांच्या उजेडात मुश्किलीने दोन दिसतात. स्वेटर न्या, बारानंतर चांगलीच थंडी पडते.