दगडातली निळी जागा मोजताना: कच्छच्या वालुकाश्मावरचं माझं डिझर्टेशन

एमएस्सी जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला डिझर्टेशनसाठी मी कच्छ घेतलं, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी बेसॉल्ट घेतला होता. त्यांचं बरोबरच होतं. घराबाहेर पडलं की सॅम्पल हजर. मला मात्र गाळाचे खडक हवे होते. विषय ठरला तो असा: झुरान आणि भुज या दोन फॉर्मेशनमधले (म्हणजे थरांच्या गटांमधले) वालुकाश्म तेल किंवा वायू साठवून ठेवायच्या लायकीचे आहेत का? झुरान मुख्यतः उत्तर ज्युरासिक काळातला, भुज त्याच्यावरचा, क्रिटेशसच्या सुरुवातीचा.

तेल म्हटलं की आपल्याकडे मुंबई हाय आठवतं, पण तिथला मुख्य साठा चुनखडीत आहे. वालुकाश्मातल्या साठ्याचं देशातलं ठळक उदाहरण म्हणजे बाडमेरचं मंगला क्षेत्र, 2004 मध्ये सापडलेलं. तिथला फतेहगढ वालुकाश्म वाचून मी कच्छला गेले आणि सगळीकडे तसंच काहीतरी दिसेल अशा उत्साहात होते.

फील्डचं फार सांगत नाही. भुजजवळ खारी नदीच्या काठावर भुज फॉर्मेशनच्या उभ्या कडा आहेत, तिरप्या थरांची रचना लांबूनही दिसते. झुरानसाठी रुद्रमाता धरणाच्या बाजूला गेलो. तिथे वालुकाश्म आणि शेल (चिखलापासून झालेला खडक) आलटून पालटून येतात. टेप धरून सेक्शन, म्हणजे थरांचा उभा छेद, मोजायचा, थर बदलला की सॅम्पल, सॅम्पलवर वरची बाजू दाखवणारा बाण. गांडो बावळ (वेडी बाभूळ) सगळीकडे माजलाय, त्याचे काटे बुटाच्या सोलमधून आत येतात. माझ्या गाइड मॅडमची एकच ताकीद होती: "वरचा लाल-पिवळा पापुद्रा घेऊन येऊ नकोस गं, हातोडीने आत जा." उघड्यावरच्या वालुकाश्मातलं कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) पावसाच्या पाण्याने विरघळून जातं, फेल्डस्पार या खनिजाची माती होते, आणि दगड आहे त्यापेक्षा सच्छिद्र दिसायला लागतो. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी ताजा तुकडा काढून त्यावर ॲसिडचा थेंब टाकायचा; कॅल्साइट असेल तर तो फसफसतो. झुरानच्या काही थरांवर तो जोरात फसफसायचा, शेजारच्याच थरावर ढिम्म.

खरं काम सुरू झालं ते थिन सेक्शन, म्हणजे दगडाच्या पातळ चकत्यांच्या स्लाइड, तयार होऊन आल्यावर. दगडात व्हॅक्यूमखाली निळा रंग मिसळलेला इपॉक्सी (घट्ट होणारा डिंकासारखा पदार्थ) भरतात आणि मग तो 0.03 मिलिमीटर जाडीपर्यंत घासतात. मायक्रोस्कोपखाली जिथे निळं दिसेल तिथे छिद्र. साध्या स्लाइडमध्ये घासताना निखळून पडलेल्या कणाची जागासुद्धा छिद्रासारखीच दिसते, म्हणून निळ्या रंगाचा खर्च वाचवू नये असं माझं मत आहे. अर्ध्या स्लाइडवर अलिझारिन रेड हा रंग लावून घेतला होता; त्यात कॅल्साइट गुलाबी-लाल होतं.

मग पॉइंट काउंटिंग. एका स्लाइडवर 300 बिंदू. स्टेज एक घर सरकवायची, क्रॉसवायरखाली काय आलंय ते नोंदवायचं: क्वार्ट्झ, फेल्डस्पार, दगडाचा तुकडा, सिमेंट (कणांमध्ये भरून त्यांना जोडणारं खनिज), चिकणमाती, छिद्र. पुन्हा सरकवायची. मान आखडते, डोळे पाणावतात, आणि कंटाळा तर विचारूच नका. पण या कामाला शॉर्टकट असू नये असंच मला वाटतं, कारण मोजता मोजता दगडावर काय काय गुदरलंय ते आपोआप कळायला लागतं.

झुरानची एक स्लाइड अजून डोळ्यांपुढे आहे. तिच्यात निळा रंग जवळपास नव्हताच. सगळी रिकामी जागा गुलाबी कॅल्साइटने भरलेली. पहिल्या नजरेत निकाल लागल्यासारखा: हा थर बाद. पण कण नीट बघितले तर ते एकमेकांना धड टेकतही नव्हते, कॅल्साइटमध्ये सुटे तरंगत होते. चांगली निवडलेली वाळू नुकती साचते तेव्हा तिच्यात साधारण 40 टक्के मोकळी जागा असते. वर ओझं वाढत गेलं की कण सरकून घट्ट बसतात, अभ्रकाची पानं वाकतात, आणि ती जागा दबूनच कमी होते. इथे सिमेंट आणि छिद्रं मिळून जागा 40 च्या आसपास भरत होती. म्हणजे दाब पडायच्या आधीच, वाळू अजून उथळ असताना, कॅल्साइट येऊन बसलं होतं. त्याच सेक्शनमधल्या ज्या थरात कॅल्साइट नव्हतं, तिथले कण एकमेकांत रुतले होते. दोन्हीकडे आज छिद्रं कमीच, पण कारणं वेगळी, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. कॅल्साइट पुढे कधी विरघळलं तर जागा परत मिळू शकते. दबून गेलेली जागा परत येत नाही.

भुजच्या स्लाइड निळ्याशार होत्या. काही फेल्डस्पार आतून पोखरलेले, नुसता सांगाडा उरलेला. मी खूश.

प्लग, म्हणजे मोजमापासाठी दगडातून ड्रिलने काढायचे छोटे दंडगोल, काढताना ती खुशी उतरली. भुजचा वालुकाश्म इतका भुसभुशीत की ड्रिलचं पाणी लागलं की प्लगची वाळू व्हायची. लॅबमधल्या काकांनी तुकड्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळून सावकाश ड्रिल करून दिलं, तेव्हा कुठे मोजण्याजोगे प्लग हाती आले. पोरॉसिटी, म्हणजे दगडातल्या मोकळ्या जागेचं प्रमाण, हीलियम वायूने मोजली. पर्मिएबिलिटी, म्हणजे दगडातून द्रव किती सहज वाहतो ते, मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. दुसऱ्या एका संस्थेत नंबर लावला आणि तारखा पुढे पुढे जात राहिल्या. शेवटी आकडे आले. भुजच्याच दोन प्लगची पोरॉसिटी जवळजवळ सारखी, पर्मिएबिलिटीत मात्र कित्येक पटींचा फरक.

उत्तर एसईएममध्ये (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) मिळालं. कमी पर्मिएबिलिटीच्या प्लगमध्ये छिद्राछिद्रात केओलिनाइट हे चिकणमातीचं खनिज बसलं होतं, पत्त्यांचे कॅट रचून ठेवावेत तसं. त्या पानांच्या फटीतली बारीक जागा हीलियमला सापडते, म्हणून पोरॉसिटी भरघोस येते. पण तेलाला त्या फटींतून वाट नसते. मॅडम म्हणाल्या, "साठा दिसतोय, पण बाहेर काढणार कसा?" त्या दिवसापासून नुसती पोरॉसिटी सांगणाऱ्या पेपरांवर माझा विश्वास कमी झालाय.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी पहिलाच प्रश्न टाकला: "हा दगड खारी नदीत उघडा पडलाय. त्यात तेल कसं राहील?" मला हा अपेक्षित होता. म्हटलं, सर, इथे नाहीच राहणार, वर झाकणच नाही. पण याच काळातले थर पश्चिमेला समुद्राखाली गाडले गेले आहेत, आणि आधीच्या गाळाची जडणघडण कशी होती ते इथे हात लावून बघता येतं. त्यावर ते म्हणाले, "मग तिथे हेच आकडे लावायचे का?" नाही. खोल गेल्यावर तापमान 80 अंशांच्या वर गेलं की क्वार्ट्झचं सिमेंट वेगाने वाढतं. आणखी खाली, साधारण 120-130 अंशांच्या पुढे, पोटॅशियम फेल्डस्पार शिल्लक असेल तर केओलिनाइटचं इलाइट हे दुसरं चिकणमातीचं खनिज होतं, आणि त्याचे केसासारखे तंतू उरलेल्या वाटाही अडवतात. माझ्या भुजच्या सॅम्पलमध्ये फेल्डस्पार आणि केओलिनाइट दोन्ही आहेत, तेव्हा ती भीती खरी आहे. म्हणून मी वरचे आकडे खाली लावले नाहीत. कोणत्या थरात खाली काय बिघडेल एवढंच क्रमाने मांडलं. त्यात स्वच्छ, जाड कणांचे नदीपात्रातले थर सगळ्यात वर ठेवले आणि केओलिनाइटवाले त्यांच्या खाली.

झुरानचा तो गुलाबी थर कुठे ठेवलास, असं त्यांनी विचारलं. शेवटून पहिला, मी म्हटलं, पण खोडून टाकलेला नाही. त्यांनी स्लाइड मागितली आणि स्वतः बराच वेळ बघत बसले.